म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीची धूळ: सारखे सारखे येणारे प्रश्न

ठाण्यात गच्चीवरच्या आकाशदर्शनाला येणारी मंडळी आणि नवी मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे लोक मिळून जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एका जागी टाकतोय. नंबर दिलेत म्हणजे एका उत्तरातून दुसरीकडे उडी मारता येईल. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा त्रासदायक, आणि माझ्या मते खरी मजा ९ नंबरपासून पुढे आहे.

१. म्हातारा तारा म्हणजे किती म्हातारा? किती वर्षांनंतर म्हणायचं?

वर्षं मोजून नाही, इंधन बघून. केंद्रातला हायड्रोजन संपला की म्हातारपण सुरू. सूर्यासारख्या ताऱ्याला तिथे पोचायला साधारण १० अब्ज वर्षं लागतात, आणि सूर्याच्या आठपट वस्तुमानाचा तारा चार कोटी वर्षांच्या आसपासच आटोपतो. त्यामुळे चार कोटी वर्षांचा एखादा तारा म्हातारा असतो आणि साडेचार अब्ज वर्षांचा आपला सूर्य अजून मध्यमवयीन.

इथे जास्त करून एजीबी ताऱ्यांबद्दल बोलणार आहे, म्हणजे असिम्प्टॉटिक जायंट ब्रँच, हे मोठं नाव एकदाच घेतो आणि सोडतो. सूर्याच्या ०.८ ते ८ पट वस्तुमानाचे तारे आयुष्याच्या शेवटाकडे या टप्प्यात येतात. मधोमध कार्बन-ऑक्सिजनचा घट्ट गाभा, त्याच्याभोवती आलटून पालटून जळणारे हीलियम आणि हायड्रोजनचे थर, आणि बाहेर प्रचंड फुगलेलं, सैल, लाल आवरण. सगळी धूळ या आवरणाच्या बाहेरच्या काठाला तयार होते.

२. तारा एवढा गरम, मग धूळ जळून कशी जात नाही?

ताऱ्याच्या पृष्ठभागावर खरंच टिकत नाही. पण हे तारे पृष्ठभागावर फक्त ३००० केल्विनच्या आसपास असतात (सूर्य ५८०० च्या जवळ) आणि शिवाय ते आकुंचन-प्रसरण पावत असतात, शेकडो दिवसांचा एक फेरा, प्रत्येक फेऱ्यात वरचा वायू बाहेर उचलला जातो आणि ताऱ्याच्या दोन-तीन त्रिज्या लांब गेल्यावर तापमान १५०० ते १००० केल्विनवर येतं, तिथे वायूतले अणू एकत्र येऊन घन कण बनायला लागतात. एक मायक्रॉनपेक्षाही (मिलीमीटरचा हजारावा भाग) लहान.

कण बनले की पुढचं काम प्रकाश करतो. ताऱ्याचा प्रकाश या कणांना ढकलतो, कण जाताना आजूबाजूच्या वायूला धक्के देत सोबत ओढून नेतात, आणि सेकंदाला ५ ते २० किलोमीटर वेगाचा वारा सुरू होतो. वेग काही भयंकर नाही पण माल भरपूर जातो: जोरात असताना वर्षाला सूर्याच्या एक लाखांश वस्तुमान, म्हणजे दर वर्षी साधारण तीन पृथ्व्या! सूर्याचा आत्ताचा सौरवारा याच्या पन्नास कोटी पटीने कमी आहे. यात धूळ जेमतेम शंभरावा-दोनशेवा भाग, बाकी सगळा वायू, पण ढकलण्याचं काम तीच करते.

३. "धुळीवरून ताऱ्याचा इतिहास कळतो" हे वाक्य सगळीकडे असतं, नक्की काय कळतं?

धूळ कशाची बनलीय यावरून ताऱ्याच्या पोटात काय शिजलं ते कळतं (प्रश्न ४). ती किती लांब आणि किती थंड आहे यावरून कधी बाहेर पडली ते (प्रश्न ५). किती आहे यावरून तारा कुठल्या गतीने रिकामा होत होता ते, आणि आकार कसा आहे यावरून शेजारी दुसरा तारा आहे का ते (प्रश्न ९ आणि ११).

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण यूट्यूबवर हे कोणी सांगत नाही. हा इतिहास शेवटच्या काही हजार, फार तर काही लाख वर्षांचा असतो. जन्म कुठे झाला, तरुणपणी काय चाललं होतं, यातलं काहीही धुळीत थेट नसतं. अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात शेवटचा एवढासा तुकडा. तरी तो मोलाचा आहे, कारण तारा आपलं निम्मं किंवा त्याहून जास्त वस्तुमान याच तुकड्यात घालवतो.

४. कुठल्या ताऱ्याभोवती वाळूसारखी धूळ आणि कुठल्याभोवती काजळी, हे ठरवतं कोण?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून लांब उत्तर.

घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना खिडकीच्या ग्रीलवर बोट फिरवलं की कळतं, पांढुरकी खरखरीत धूळ असेल तर बाजूला बांधकाम चालू आहे, काळी चिकट असेल तर ट्रकचा धूर. ताऱ्यांचंही तसंच, आणि इथे तर पदार्थसुद्धा जवळपास तेच आहेत: एकीकडे सिलिकेट म्हणजे दगडाची पूड, दुसरीकडे कार्बन म्हणजे काजळी.

ठरवणारी गोष्ट एकच, वायूमध्ये ऑक्सिजन जास्त की कार्बन. हे दोघं भेटले की कार्बन मोनॉक्साइड बनतो, आणि तो रेणू इतका घट्ट असतो की जो कमी आहे तो पूर्ण त्यात अडकून पडतो. ऑक्सिजन जास्त असेल तर सगळा कार्बन अडकला, उरलेला ऑक्सिजन सिलिकॉन, मॅग्नेशियम, लोखंड यांच्याशी जोडला जाऊन सिलिकेट बनवतो. कार्बन जास्त असेल तर उलट, ऑक्सिजन अडकतो आणि उरलेल्या कार्बनची काजळी होते, सोबत थोडं सिलिकॉन कार्बाइड.

तारा जन्मतो तेव्हा ऑक्सिजनच जास्त असतो. मग कार्बन येतो कुठून? एजीबी टप्प्यात हीलियमचा थर अधूनमधून अचानक भडकतो, याला थर्मल पल्स म्हणतात, आणि त्यानंतर वरचं आवरण खोलवर जाऊन आतला ताजा कार्बन उपसून वर आणतं. असं अनेकदा झालं की पारडं फिरतं. दोन्ही जवळजवळ समान असलेल्या अधल्यामधल्या ताऱ्यांना एस प्रकारचे तारे म्हणतात, आणि १९५२ मध्ये पॉल मेरिलने अशाच ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम शोधलं. या मूलद्रव्याचा एकही समस्थानिक (म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) टिकाऊ नाही, सगळ्यात लांब टिकणाऱ्याचं अर्धायुष्यसुद्धा ४० लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे ते ताऱ्याने जन्मतः आणलेलं असूच शकत नाही, आत्ताच आत बनून वर आलंय. तारे मूलद्रव्यं बनवतात याचा इतका थेट पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

वर्णपटात ओळख सोपी (इथून पुढे मायक्रॉन म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी): सिलिकेट ९.७ आणि १८ मायक्रॉनला उंचवटा दाखवतं, सिलिकॉन कार्बाइड ११.३ च्या जवळ. निव्वळ काजळीला मात्र असा काहीच उंचवटा नसतो, नुसती गुळगुळीत रेघ.

५. धूळ कधी बाहेर पडली हे कसं काढतात?

अंतर भागिले वेग, पाचवीचं गणित. वेग मिळतो रेडिओ दुर्बिणींतून: कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा डॉप्लरमुळे, म्हणजे वायू आपल्याकडे येतोय की लांब जातोय त्यामुळे, किती रुंद झाल्यात त्यावरून वारा सेकंदाला किती किलोमीटर जातोय ते कळतं. समजा १५ किलोमीटर. या वेगाने एक प्रकाशवर्ष कापायला साधारण २०,००० वर्षं लागतात. म्हणजे ताऱ्यापासून दशांश प्रकाशवर्षावर धुळीचं कडं दिसलं तर ते २००० वर्षांपूर्वी निघालं, सातवाहनांच्या काळात.

चांगलं उदाहरण आर स्कल्प्टोरिस, शिल्पकार तारकासमूहातला कार्बन तारा. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने २०१२ मध्ये त्याच्याभोवती कवच आणि आत मळसूत्रासारखी गुंडाळी दाखवली. त्यावरून काढलं की थर्मल पल्स साधारण १८०० वर्षांपूर्वी आला आणि दोनेकशे वर्षं चालला. गुंडाळी आहे म्हणजे शेजारी एक न दिसणारा जोडीदार फिरतोय.

तापमानानेही काम होतं. ताऱ्याजवळची धूळ गरम, ती १२ मायक्रॉनला चमकते. लांब गेलेली थंड, ती ६० ला. एखादा तारा ६० ला भरपूर चमकतोय आणि १२ ला जादा काहीच नाही, तर आतली जागा रिकामी आहे, म्हणजे धूळ बनणं मध्येच थांबलं. ताऱ्याने काही काळ वारा सोडला आणि मग बंद केला हे एवढ्या दोन आकड्यांवरून कळतं. अंतरातल्या चुकीबद्दल प्रश्न १२ बघा.

६. हे सगळं इन्फ्रारेडमध्येच का? साध्या टेलिस्कोपला काय झालं?

धूळ दृश्य प्रकाश गिळते आणि गरम होऊन तीच ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात, सोडते. फार धूळ असेल तर तारा दिसेनासाच होतो. सिंह राशीत, मघा ताऱ्याच्या पश्चिमेला साधारण ५ अंशांवर सीडब्ल्यू लिओनिस आहे, ज्याला आयआरसी +१०२१६ असंही म्हणतात. ५ मायक्रॉनला बघितलं तर सूर्यमालेबाहेरची आकाशातली सगळ्यात तेजस्वी वस्तू हीच! आणि साध्या दुर्बिणीतून शोधायला गेलात तर निराशाच. १९६० च्या दशकातल्या इन्फ्रारेड सर्व्हेमध्ये तो सापडला, त्याआधी कोणाला पत्ताच नव्हता.

हवेतली वाफ इन्फ्रारेड अडवते, म्हणून एकतर वर जायचं नाहीतर उंच डोंगरावर. १९८३ मधल्या आयरास उपग्रहाने पहिल्यांदा जवळजवळ सगळं आकाश इन्फ्रारेडमध्ये पाहिलं, मग आयसो, स्पिट्झर, हर्शेल आणि आता जेम्स वेब. आपल्याकडे टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्यांतून दुर्बिणी वर पाठवून फार-इन्फ्रारेडची निरीक्षणं केलीत, माउंट अबूला पीआरएल या अहमदाबादच्या संशोधन संस्थेची वेधशाळा आहे, आणि लडाखमध्ये हान्लेला ४५०० मीटर उंचीवर हिमालयन चंद्रा टेलिस्कोप. नारायणगावजवळचं जीएमआरटी यात येत नाही, ते रेडिओ आहे आणि त्याच्या लहरी या धुळीच्या चमकेपेक्षा खूपच लांब आहेत.

७. ठाण्यातून किंवा खारघरहून यातलं काय दिसेल?

धूळ नाही दिसणार, धुळीचे मालक दिसतील. हिवाळ्यात मृगाच्या खाली शशक तारकासमूह असतो, त्यात आर लेपोरिस. हा कार्बन तारा आहे, कार्बनचे रेणू निळा प्रकाश खाऊन टाकतात म्हणून रंग गडद लाल. उजळ असताना साडेपाच प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका) आसपास येतो पण ठाण्याच्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांनी विसरा, बायनॉक्युलर लागेल, आणि फिका असताना अकराव्या प्रतीच्याही खाली जातो तेव्हा तेही पुरणार नाही. येऊरच्या बाजूला जरा बरं, पण खरं सांगायचं तर वांगणीला किंवा माळशेजकडे जा.

दुसरा मिरा, तिमिंगल तारकासमूहात, ३३२ दिवसांचा फेरा. काही आठवडे डोळ्यांनी दिसतो आणि मग महिनोन्‌महिने गायब. तुमचा ॲप "इथे तारा आहे" म्हणतोय आणि तिथे काहीच नाही असं झालं तर ॲप बरोबर आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच नसतं, त्यामुळे तेव्हाचे प्रश्न ऑक्टोबरवर ढकलतो.

८. काक्षी २०२० मध्ये फिका झाला होता, ती पण धूळच ना? आता फुटणार का?

बऱ्याच अंशी धूळ, हो. काक्षी म्हणजे बीटलज्यूस २०१९ च्या शेवटी मंद व्हायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नेहमीच्या साधारण ३६ टक्क्यांवर आला, ठाण्यातूनही डोळ्यांनी फरक कळत होता. ताऱ्याने वायूचा मोठा गोळा बाहेर फेकला, त्याच वेळी पृष्ठभागाचा काही भाग थंड पडला, आणि त्या थंडाव्यात वायू गोठून धुळीचा ढग आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आला. थंडाव्याचा वाटा किती आणि धुळीचा किती यावर अभ्यासकांत वाद आहे. काक्षी एजीबी नाही, त्याच्याहून खूप जड महाराक्षसी तारा आहे, धूळ मात्र सिलिकेटवाली.

फुटणार, पण त्याचा या फिकेपणाशी संबंध नाही. काही हजार ते लाखभर वर्षांत कधीतरी. फटाका बघायला गच्ची बुक करू नका.

९. प्रत्येक कडं म्हणजे एक थर्मल पल्स, असं मोजायचं ना?

नाही! हीच सगळ्यात जास्त होणारी गडबड. दोन थर्मल पल्समध्ये हजारो वर्षांपासून ते लाखभर वर्षांचं अंतर असतं. सीडब्ल्यू लिओनिसभोवती काही शे वर्षांच्या अंतराने कवचं आहेत, एकामागोमाग एक. ती थर्मल पल्सची असूच शकत नाहीत, अंतर जुळत नाही. तिथे जोडीदार ताऱ्याचा हात असावा असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे.

टोकाचं उदाहरण डब्ल्यूआर १४०, हंस तारकासमूहात. जेम्स वेबने २०२२ मध्ये त्याच्याभोवती १७ कडी दाखवली, एकात एक. दोन जड तारे लांबट कक्षेत फिरतायत, दर आठ वर्षांनी जवळ येतात, त्यांचे वारे एकमेकांवर आदळतात, वायू दाबला जाऊन धूळ बनते, की नवीन कडं. म्हणजे इथे कड्यांवरून कक्षेचं वेळापत्रक मिळतं, ताऱ्याच्या पोटातलं काही नाही. कडं दिसलं की आधी दोन कड्यांमधला काळ काढा, मग कारण ठरवा.

१०. सिलिकेट दिसलं म्हणजे तारा अजून कार्बनच्या टप्प्याला पोचला नाही, बरोबर?

प्रश्न ४ वाचून हेच वाटणार, आणि अर्ध्या वेळा ते चूक निघतं. कार्बन तारा व्हायला वस्तुमान साधारण दीड ते चार सूर्यांच्या मध्ये लागतं. त्याहून हलक्या ताऱ्यात उपसा पुरेसा होत नाही, तो सिलिकेटवरच संपतो. त्याहून जड ताऱ्यात उपसा होतो, पण आवरणाचा तळ इतका तापतो की वर आलेला कार्बन तिथेच नायट्रोजनमध्ये बदलून जातो. म्हणजे सिलिकेटवाला तारा हलका असेल, जड असेल, किंवा खरंच लवकरच्या टप्प्यात असेल. नुसत्या धुळीवरून तिन्हीतलं एक निवडता येत नाही, तेज, आकुंचन-प्रसरणाचा काळ, बाकीची मूलद्रव्यं सगळं सोबत बघावं लागतं.

आणखी एक: जन्माच्या वेळी जड मूलद्रव्यं कमी असतील तर ऑक्सिजनही कमी, पारडं लवकर फिरतं. म्हणून मॅजेलनच्या मेघांमध्ये, म्हणजे शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमध्ये, कार्बन ताऱ्यांचं प्रमाण आपल्या आकाशगंगेपेक्षा जास्त आहे.

जाता जाता, धूळ फार जाड झाली की ९.७ मायक्रॉनचा उंचवटा उलटून खड्डा होतो. सिलिकेट नाहीसं झालेलं नसतं, उलट खूप झालेलं असतं.

११. एकाच ताऱ्याभोवती दोन्ही प्रकारची धूळ सापडू शकते का?

सापडते. रेड रेक्टँगल नावाच्या वस्तूत बाहेरच्या भागात कार्बनचे रेणू आणि आत तबकडीत स्फटिकरूप सिलिकेट आहे, हे १९९८ मध्ये आयसोच्या निरीक्षणांतून पुढे आलं. मधे जोडतारा आहे. समजूत अशी की तारा ऑक्सिजनवाला असताना बाहेर पडलेली धूळ जोडीदारामुळे तबकडीत अडकून फिरत राहिली, आणि नंतर तारा कार्बनवाला झाला. स्फटिक बनायला वेळ किंवा उष्णता लागते, त्यामुळे तबकडी बराच काळ टिकलेली असणार हेही जुळतं. वाऱ्यासोबत निघून गेलेली धूळ हजारो वर्षांत विरते, पण अडकलेली राहते, म्हणून अशा ठिकाणी ताऱ्याचा आधीचा आणि नंतरचा काळ शेजारी शेजारी दिसतो.

१२. या हिशोबात चूक किती असते?

बरीच. प्रश्न ५ मधलं वय सरळ अंतरावर अवलंबून आहे: ताऱ्याचं अंतर २० टक्के चुकलं की वयही २० टक्के चुकलं. आणि नेमकं एजीबी ताऱ्यांचं अंतर मोजणं अवघड, कारण तारा इतका फुगलेला की त्याचं बिंब मोजायच्या पॅरॅलॅक्सपेक्षाही (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जेवढा सरकलेला दिसतो तेवढा कोन, अंतर त्यावरून काढतात) मोठं असू शकतं, वर पृष्ठभागावर प्रचंड बुडबुडे उकळतायत त्यामुळे तेजाचा मध्य हलत राहतो. ताऱ्यांची अंतरं मोजायलाच सोडलेली गाया ही अंतराळ दुर्बीणही इथे अडखळली. शिवाय वेग कायम एकच होता हे आपण धरून चालतो.

म्हणून "१८०० वर्षांपूर्वी" वाचलं की मनात "साधारण" जोडा.

१३. सूर्याचं असं काही होणार का?

हो, सात-आठ अब्ज वर्षांनी. जवळजवळ निम्मं वस्तुमान घालवून श्वेत बटू, म्हणजे नुसता लहानसा घट्ट गाभा, उरेल. वस्तुमान बघता कार्बन तारा होण्याची शक्यता कमी (प्रश्न १०), म्हणजे सिलिकेटवालीच धूळ.

१४. धूळ दिसली म्हणजे तारा म्हाताराच?

अजिबात नाही. अभिजित ताऱ्याभोवती आयरासला १९८३ मध्येच धूळ सापडली, आणि अभिजित तर अजून तरुण आहे, ती धूळ लघुग्रहांसारख्या दगडांच्या टकरीतून येते. नवजात ताऱ्यांभोवतीही तबकड्या असतात. ओळखायचं कसं, तर धूळ बाहेर वाहतेय की कक्षेत फिरतेय ते बघायचं, आणि तारा स्वतः कुठल्या टप्प्यात आहे ते वर्णपटावरून.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे जी२९-३८, हा श्वेत बटू आहे. म्हणजे म्हातारपणही उलटून गेलेला तारा, आणि १९८७ मध्ये त्याच्याभोवती इन्फ्रारेडमध्ये जादा चमक सापडली. ती त्याने सोडलेली धूळ नाही, ती केव्हाच विरली. फार जवळ आलेला लघुग्रह ताऱ्याच्या गुरुत्वाने फाटून झालेला चुरा आहे तो. म्हणजे म्हातारा तारा, धूळही आहे, आणि तरी ती धूळ ताऱ्याचा इतिहास न सांगता त्याच्या ग्रहमालेचा सांगते.

१५. अशी धूळ कोणी प्रत्यक्ष हातात घेतलीय का?

घेतलीय, अक्षरशः. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ उल्का पडली. तिचे तुकडे आम्लात विरघळवल्यावर जे विरघळत नाही त्यात सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण सापडतात, आणि त्यातल्या कार्बन, सिलिकॉनच्या समस्थानिकांचं प्रमाण सूर्यमालेतल्या कशाशीच जुळत नाही. बहुतेक कण कार्बनवाल्या एजीबी ताऱ्यांतून आलेत, सूर्य जन्मायच्या आधी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातले काही ५.५ अब्ज वर्षांहून जुने आणि सगळ्यात जुना ७ अब्ज वर्षांच्या आसपासचा निघाला. ज्या ताऱ्यांनी ते सोडले ते केव्हाच श्वेत बटू झाले असणार, त्यामुळे कुठला कण कुठल्या ताऱ्याचा हे शोधायची सोय नाही, पण त्या ताऱ्याच्या आवरणात कार्बन १२ आणि १३ चं प्रमाण किती होतं ते प्रयोगशाळेत बसून एकेका कणाचं वेगळं मोजता येतं, जे दुर्बिणीतून इतक्या अचूकपणे कधीच जमत नाही.